गाण्यांची सापशिडी

आमच्या घरात गाणी सापशिडीच्या पटावर राहायची. वाचून कुणाला मौज वाटेल. वाटू दे, मलाही तेव्हा मौजच वाटली होती. पट माझ्या वहिनीनं केला होता, आणि त्या पटापायीच ती घरातून गेली असं आई शेवटपर्यंत म्हणायची. पट बिचारा कापडाचा. तो कुणाला काय घालवणार? घालवणारी माणसं होती, आणि ती माझ्याच घरातली होती.

आम्ही तेव्हा राहुरीच्या बाजूला कॅनॉलच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, कॅनॉलच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. घरापासून हाकेच्या अंतरावर प्रवरेचा पाट वाहायचा. पाटाच्या पाण्यावर ऊस आला, उसाच्या मागे साखर कारखाना आला आणि दोघांच्या मागून डास आले. लढाईचे दिवस. रॉकेल, साखर, कापड सगळ्याचीच टंचाई. मुबलक काय होतं म्हणाल तर थंडीताप. माझा थोरला भाऊ, दादा, कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन घरी बसले होते. म्हणजे आई माझ्या लग्नाची वाट बघत होती आणि मी बसून खात होते.

वहिनी नगरची. आईवेगळी मुलगी, वडील घरोघरी जाऊन शिकवण्या करायचे. तिला बघायला गेलो तेव्हा दादा सगळा वेळ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. मग आत्या, अप्पांची थोरली बहीण, म्हणाली, "काही येत असेल तर म्हणून दाखव गं." वहिनीनं एक साधं पद म्हटलं. दादानं मान वर केली ती पद संपलं तरी खाली घेतली नाही. परत येताना टांग्यात तो एवढंच म्हणाला, "हीच." रंगानं ती सावळी होती, हुंड्याची बात नव्हती, पण त्या गळ्यापुढे आईचंही काही चाललं नाही. तो गळा ऐकूनच तिला घरात आणली होती, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

आणली आणि गळा कोठीच्या खोलीत ठेवल्यासारखा बंद करून टाकला. सुनेनं मोठ्यानं गायचं नाही, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका काय म्हणतील, हा आईचा कायदा. अप्पांचा फोनो मात्र रविवारी दुपारी खुशाल दणदणायचा. फोनो हा त्यांचा एकुलता एक शौक. तबकड्या दहा-बारा, त्याही घासून पांढऱ्या पडलेल्या. लढाईमुळे फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या तेव्हा अप्पांनी बाभळीचा काटा लावून पाहिला, आणि वाजला की! आवाज लांबून, पाटापलीकडून आल्यासारखा यायचा, पण यायचा. आमची भांडी घासायला येणारी बाई पदरात भरून काटे आणायची. अप्पा ते चाकूनं तासून ठेवायचे. एका काट्यावर एकच बाजू. दुसऱ्या बाजूला नवा काटा.

पहिल्याच उन्हाळ्यात वहिनीनं पट केला. अप्पांनी ऑफिसातून कॅनॉलचा एक रद्द झालेला नकाशा आणला होता, मेणाचा हात दिलेल्या पातळ कापडावरचा. त्याच्या पाठीवर तिनं सापशिडीची घरं आखली. उजेडात धरलं की पलीकडची पाटाची निळी रेघ घरांमधून वळणं घेत जाताना दिसायची. साप तिनं असे काढले की बघणाऱ्याला दया यावी. सगळे साप उपाशी दिसत होते. मग घरांत आकडे घालायच्या ऐवजी ती थांबली आणि मला म्हणाली, "वन्सं, आकडे कशाला? प्रत्येक घरात एकेक गाणं ठेवू या का?"

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. कुठलं गाणं कुठल्या घरात, यावर आम्ही कडाकडा भांडलो. पहिल्या घरात भूपाळी, त्यावर वाद नव्हता. सगळ्यात लांब शिडीच्या पायथ्याशी अप्पांच्या तबकडीवरचं 'चढ गं वेली माझ्या दारी' गेलं. ते वेलीचं गाणं तिथं नाही ठेवायचं तर कुठं? त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'आता कशास थांबू' असं एक रडकं पद होतं. ते वहिनीनं शेवटाजवळच्या मोठ्या सापाच्या तोंडात घातलं. तो साप थेट तळाच्या ओळीत आणून टाकायचा. फोनोची गाणी पुरेनात तेव्हा आईची मंगळागौरीची गाणी आली, जात्यावरच्या ओव्या आल्या, गणपतीची आरती आली. दादानं एका घरात ऑफिसच्या पट्टेवाल्याची शीळ ठेवायला लावली आणि एका घरात अप्पांचं घोरणं. अप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की घोरणं शिडीपाशी ठेवा, सापापाशी नको. शेवटचं घर वहिनीनं मोकळं ठेवलं. दादानं तिला नगरहून एक नवी तबकडी आणायचं कबूल केलं होतं, तिच्यासाठी ते घर.

खेळाचा नियम साधा. कवड्या टाकायच्या, सोंगटी पुढे न्यायची आणि ज्या घरात ती पडेल त्या घरचं गाणं एक ओळ तरी म्हणायचं. नाही आलं तर एक घर मागे. वहिनीची सोंगटी चिंचोका, माझी गुंज, दादाची पैरणीचं बटण. आता यात मेख अशी की खेळ म्हटला की नियम आला आणि नियम म्हटला की सुनेला गावंच लागणार. आईला हे कळायला चार दिवस लागले, आणि कळलं तोवर तिच्याच सुपारीची सोंगटी पटावर धावत होती. "खेळातलं गाणं गाण्यात धरत नाहीत," असं तिनं स्वतःच शेजारी जाऊन सांगितलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी आमची आई, तिनं एवढी सूट दिली म्हणजे खूपच.

रविवारी 'फोनोचा डाव' असायचा. त्यात कवड्या नाहीत. एकानं तबकडी लावायची, बाकीच्यांनी गाणं ओळखून त्याच्या घरावर बोट ठेवायचं. ज्याचं बोट आधी, त्याची सोंगटी त्या घरात, आणि त्यानं फोनोबरोबर ती ओळ म्हणायची. वहिनी काटा टेकताच, गाण्याचं पहिलं अक्षर यायच्या आत, नुसत्या सारंगीच्या सुरावर बोट ठेवायची. दादा चिडायचा आणि आतून खूश व्हायचा. बायकोकडे असं उघड कौतुकानं बघण्याची त्या काळी सोय नव्हती. पटानं ती सोय करून दिली होती.

अशी एक उन्हाळ्याची अखेर आणि एक पावसाळा गेला. सुखाचं माझ्याजवळ एवढंच आहे, म्हणून जरा लांबवून सांगितलं.

भाद्रपदात वहिनीला ताप आला. तसा तो सगळ्यांनाच यायचा. हुडहुडी, मग ताप, मग घाम, मग कोयनेलची गोळी आणि दुसऱ्या दिवशी भांड्याला हात. पण हा ताप उतरेना. ती बडबडायला लागली, तेव्हा तालुक्याहून डॉक्टर आणले. त्यांनी कोयनेल वाढवलं, सुया दिल्या. ती वाचली. अंथरुणातून उठली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मला म्हणाली, "वन्सं, पाटाला एवढं पाणी कशाला सोडलंय?" पाट तेव्हा बंद होता. पाण्याचं आवर्तन अजून सुटलं नव्हतं. मी तसं सांगितलं तर ती हसली, "मग माझ्याच कानात सोडलंय म्हणायचं."

पुढं तापानं झालं की कोयनेलनं, हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. ताप तिला न्यायला आला होता आणि कोयनेलनंच तिला वाचवलं होतं, तेव्हा भांडायचं कुणाशी? दिवाळीपर्यंत तिच्या कानातलं पाणी वाहत राहिलं आणि त्याखाली बाकीचे आवाज एकेक करून बुडाले. आधी पाखरं गेली. मग शेजारघरची हाक. मग माझं बोलणं, पाठमोरं असलं की. हे तिनं फक्त मला सांगितलं. परसात उडदाच्या डाळीचे सांडगे घालत होतो. ती उन्हात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तोंडाकडे बघून बोलाल का माझ्याशी? मला तुमचं तोंड वाचता येतंय."

मी म्हटलं, "आईला सांगू या. औषध करतील."

ती एकदम घाबरली. "नको हो. मला परत धाडतील."

मी तिला वेड्यात काढलं नाही, कारण मला माहीत होतं. कारखान्यातल्याच एका कारकुनानं बायकोच्या पाठीवर पांढरा डाग निघाला म्हणून तिला माहेरी सोडली होती. डाग पुढं गेला, पण ती परत आली नाही. त्यावर आमच्या आईचं मत होतं की नशिबापुढे कुणाचं चालतं. आणि वहिनीला माहेर म्हणजे काय? एक खोली आणि थकलेला बाप. त्या खोलीत परत जाऊन जन्म काढायचा, की या घरात बायको म्हणून, सून म्हणून राहायचं, एवढाच प्रश्न होता. तिला राहायचं होतं. मलाही ती हवी होती. मग आम्ही दोघी लागलो कामाला.

तुम्ही कधी कुणाचं बहिरेपण लपवलं आहे? फार मेहनतीचं काम. मी ओठ हलवायला शिकले. प्रत्येक शब्द चावून, पण आवाज न वाढवता. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची तेव्हा मी वहिनीच्या समोर जाऊन मान हलवायची. बाहेरून दादा "ऐकलं का?" म्हणायचा, तेव्हा मीच "आली, आली" म्हणून ओरडायची आणि तिला ढकलायची. ती दाराकडे तोंड करून बसायला लागली, दळताना, निवडताना, केस विंचरतानासुद्धा. तिचा आवाज मोठा व्हायला लागला की मी पदर डोक्यावर घ्यायची. ती खूण पाहून ती आवाज खाली आणायची. आई एकदा म्हणाली, "कार्टी इतकी मर्यादशील कधीपासून झाली?"

रविवारचा फोनोचा डाव मात्र टाळता येईना. तिला बरं नाही, तिला काम आहे, असं किती दिवस सांगणार? म्हणून त्यावरही तोड काढली. फोनोला चावी द्यायचं काम मी मागून घेतलं. तबकडी लावताना मी तिला दिसेल अशी धरायची. फिरायला लागल्यावर अक्षरं पुसली जातात, त्याच्या आत तिनं ती वाचायची. काटा टेकला की मी मनगटातल्या बांगड्या मागे सारायची. ती फोनोच्या पेटीला खांदा टेकून बसायची. लाकूड थरथरलं की गाणं सुरू झालं हे तिला कळायचं. मग क्षणभर थांबून, ओळखण्याचा विचार केल्यासारखा चेहरा करून, ती बोट ठेवायची आणि ओळ म्हणायची. सूर अजून तिच्यात पक्के होते. ते कानातून येत नव्हते, आठवणीतून येत होते, पण नेमके येत होते. दादा म्हणायचा, "आजारपणानं जरा मंद झालीस. पूर्वी सारंगीवर ओळखायचीस." तिनं ते त्याच्या ओठांवर वाचलं, हसली आणि आत जाऊन रडली.

भांडीवाली बाई एवढी डोळस निघेल असं वाटलं नव्हतं. एकदा काट्यांची पुरचुंडी माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "ताई, वैनीबाईला आयकू येत न्हाई व्हय? मगा कळशी पडली तर वळून बी बघितलं न्हाई."

"तिचं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

"आसंल. मी कुनाला बोलायची न्हाई. पर लई दिस झाकून ऱ्हात न्हाई बाई ह्ये."

संक्रांतीला आत्या आली. आत्या आली की घर कसं ऑफिसात साहेब आल्यासारखं व्हायचं. तिनंच या सुनेला पहिल्यांदा गायला लावलं होतं, तेव्हा तिचं गाणं ऐकायचा हक्क तिचा पहिला. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं फर्मावलं, "तुमचा तो फोनोचा खेळ काढा बघू. सगळ्या नगरात सांगितलंय मी, आमची सून पटावर गाते म्हणून."

पट अंथरला. मी फोनोपाशी बसले. पहिल्या दोन तबकड्या ठीक गेल्या. एकदा तर वहिनीनं आईलाही हरवलं. मग आई म्हणाली, "अगं, तिळगुळाचा डबा राहिला. जा, आण." मी म्हटलं, डाव होऊ दे. "जा म्हणते ना!" माझ्या जागी दादा सरकला. उठताना मी वहिनीकडे पाहिलं. दादानं वेलीच्या गाण्याची तबकडी पाकिटातून काढली होती आणि तिनं ती वाचली होती. तिनं मला डोळ्यांनीच जा म्हटलं. मला वाटलं, निभावलं.

मी फळीवरून डबा काढत होते. बाहेर अप्पांचा आवाज आला, "अरे, ती बाजू पार झिजली. उलट, दुसरी लाव." वहिनी त्या वेळी आत्याला पाट पुढे सारायला वळली होती, हे मला मागाहून कळलं. अप्पांनी स्वतःच्या हातानं नवा काटा लावला. 'आता कशास थांबू' सुरू झालं, ते रडकं, लांबलेलं. आणि त्याच्यावर, त्याला छेदून, वहिनीचा आवाज आला: 'चढ गं वेली माझ्या दारी'.

ती मोकळ्या गळ्यानं गात होती. आत्या आली आहे, शिडीचं घर मिळालं आहे, म्हणून जरा खुलूनच. मी डबा तसाच हातात घेऊन दारात आले. फोनोतली बाई एक गाणं म्हणत होती आणि वहिनी फोनोच्या पेटीला खांदा टेकून, हसऱ्या तोंडानं, शिडीवर बोट ठेवून दुसरंच. तिचा एक सूरही ढळला नव्हता. एका ओळीवर थांबायचं सोडून ती पुढची ओळ म्हणायला लागली. मग तिनं आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग आईच्या. मग दादाच्या. गाणं मधेच तुटलं. फोनो मात्र वाजत राहिला. अप्पांना तो बंद करायचं सुचलं नाही.

आईनं विचारलं, "कधीपासून?" वहिनीनं ते वाचलं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मीच मधे पडले. म्हटलं, दिवाळीपासून, मला माहीत होतं, त्यानं काय बिघडलं? स्वयंपाक राहिला का? कुणाला पाणी द्यायचं राहिलं का? आई म्हणाली, "तू गप्प बस. तुझं लग्न व्हायचंय." त्या घरात माझ्या सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर असे.

मग औषधं झाली, नाही असं नाही. लसणीचं कोमट तेल झालं, तुळशीचा रस झाला. नगरच्या डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं, घड्याळ कानाशी धरलं आणि ते परत खिशात घातलं. दादाला बाहेर बोलावून म्हणाला की शीर गेली, आता येणार नाही. दादा काही राक्षस नव्हता. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. एकदा तो मला म्हणाला, "तिच्याशी बोलायचं म्हणजे दिवा लावून बोलावं लागतं गं." हे त्याचं दुःख खरंच होतं. पण दिवा लावायला काय जातं, हे मी त्याला विचारलं, तर उठून गेला.

निकाल आत्यानं दिला. सगळे बसले होते, वहिनीसुद्धा बसली होती भिंतीला टेकून, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. आत्या म्हणाली, "तुम्ही सगळे बोलता आहात, पण उद्या पाळणा हलेल. पाळण्यातलं पोर रडलं तर हिला कळणार कसं?"

मी म्हटलं, घरात आपण काय मेलो आहोत का? पण ते उत्तर कुणी मोजलंच नाही. वहिनीनं आत्याचं वाक्य वाचलं आणि मान खाली घातली. त्यानंतर तिनं कुणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. आता काय बोलतात ते तिला नको होतं.

"चार महिने औषधपाण्याला माहेरी राहा, मग बघू," असं ठरलं. हे 'मग बघू' मी ओळखून होते. तिचे वडील न्यायला आले. माघ संपत आला होता. ते ओसरीवरच बसले, चहा घेतला नाही. अप्पांना नमस्कार करताना मात्र वाकले, जसे काही त्यांचाच काही अपराध होता. अप्पा आत निघून गेले. संक्रांतीनंतर त्यांनी फोनोला हात लावला नव्हता. पुढंही कधी लावला नाही. तासलेले काटे डबीत तसेच राहिले.

वहिनीनं ट्रंक भरली. पट तिनं मागितला नाही. मीच तो घडी करून तिच्या लुगड्यांच्या तळाशी घातला, चिंचोक्यासकट. टांग्यात बसताना तिनं माझा हात धरला आणि मोठ्यानं, फार मोठ्यानं विचारलं, "मला आणायला कोण येईल, वन्सं?" सगळ्या क्वार्टरनं ऐकलं. मी पदर डोक्यावर घेतला नाही.

कुणी गेलं नाही. वैशाखात दादाचं दुसरं लग्न झालं. तेव्हा एक बायको असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि लोकांनाही त्यात वावगं दिसत नव्हतं. नवी वहिनी चांगली होती हो. तिचा काय दोष? दादानं एकदा मला विचारलं, "तो सापशिडीचा पट कुठं गेला गं?" मी म्हटलं, वाळवीनं खाल्ला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. नवीन तबकडी मात्र त्यानं त्या दिवाळीत आणली. ती कधी वाजली नाही.

पुढं माझंही लग्न झालं आणि मी शेवगावला गेले. दोन मुलं झाली. स्वातंत्र्य आलं, त्याचे पेढे खाल्ले. नगरला जायचा योग आला तो धाकट्याच्या डोळ्यांच्या औषधाच्या निमित्तानं. पोराला यजमानांपाशी सोडलं आणि पत्ता शोधत त्या बोळात गेले.

खोली तीच. वडील खाटेवर, पार थकलेले. ती दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं मला ओळखलं, उठून मिठी मारली. केस पिकायला लागले होते; पंचविशीही उलटली नसेल तिची. मी शब्द चावत चावत बोलले: मुलांचं, सासरचं, आईच्या गुडघ्यांचं. दादाचं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग ती म्हणाली, "थांबा, तुम्हाला गंमत दाखवते." तिनं ट्रंकेतून पट काढून जमिनीवर अंथरला. घड्यांच्या जागी शाई उडाली होती, पण पलीकडची निळी रेघ तशीच होती. तिनं पहिल्या घरात चिंचोका ठेवला. "रोज दुपारी म्हणते. पहिल्या घरापासून शेवटपर्यंत. विसरू नये म्हणून. एकही घर चुकत नाही."

आणि ती गायला लागली.

शब्द सगळे होते. भूपाळी होती, ओव्या होत्या, पट्टेवाल्याची शीळ आली तेव्हा तिनं ओठांचा चंबू करून नुसता वारा सोडला आणि हसली. पण सूर नव्हते. एकही नव्हता. आवाज वर जायचा तिथं खाली जात होता, खाली जायचा तिथं तसाच फरफटत होता. कधी ओरडल्यासारखा, कधी घशातल्या घशात. कानानं राखण केली नाही तर गळा असा रानोमाळ होतो, हे मला माहीत नव्हतं. तिला तर माहीत असायचं काही कारणच नव्हतं. ती डोळे मिटून, मान डोलवत, जिथं पूर्वी हरकत घ्यायची तिथं बरोबर हात हलवत होती. शिडीपाशी तिनं वेलीचं गाणं म्हटलं. मी पटाकडे बघत बसले. तिच्याकडे बघणं मला झालं नाही.

चिंचोका शेवटच्या घरात आला. ते अजून मोकळंच होतं. तिनं तिथं बोट टेकलं आणि म्हणाली, "इथं काही नाही." मग माझ्याकडे सरकून बसली.

"बाबा रोज म्हणतात, छान झालं. पण त्यांनाही आता कमी ऐकू येतं. तुम्हाला माझी सगळी गाणी ठाऊक आहेत. तुम्ही सांगा." तिनं माझ्या तोंडावर नजर लावली. "सूर बरोबर लागतात ना हो, वन्सं?"

मी "हो" म्हटलं. तिला वाचता यावं म्हणून ओठ नीट हलवून म्हटलं.